कमरेची वही: ख्रिस्ती परंपरेत सद्गुणाचा सराव

आजचा धागा लांबलचक आहे आणि त्याचा नायक आहे एक छोटीशी वही.

सातव्या शतकात सिनाय पर्वतावरील मठात जॉन नावाचा एक मठाधिपती होऊन गेला. त्याने संन्याशांसाठी एक ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘शिडी’. ग्रंथाचे ३० भाग म्हणजे स्वर्गाकडे जाणाऱ्या ३० पायऱ्या. या ग्रंथामुळेच लेखकाला क्लायमॅकस, म्हणजे ‘शिडीचा’, हे नाव चिकटले. चौथी पायरी आज्ञापालनाची. तीत तो अलेक्झांड्रियाच्या परिसरातील एका मठात पाहिलेल्या गोष्टी सांगतो. त्या मठाचे भोजनगृह सांभाळणाऱ्या बंधूच्या कमरपट्ट्याला एक लहान वही लटकत असे. जॉनने चौकशी केली तेव्हा कळले की, दिवसभरात मनात आलेले विचार हा बंधू त्या वहीत टिपून ठेवतो आणि रोज आपल्या गुरूला दाखवतो. असे करणारा तो एकटाच नव्हता. त्या मठातील इतरही अनेक बंधू हेच करत होते.

भाकरी वाढणाऱ्या, भांडी मोजणाऱ्या माणसाच्या कमरेला मनाच्या हिशेबाची वही! ख्रिस्ती नीतिविचाराच्या इतिहासात अनेक मोठे ग्रंथ आहेत. परंतु त्या इतिहासातला मूळ पेच या वहीत जितका उघड दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. पेच असा: रोजच्या सरावाने माणूस खरोखर चांगला होतो काय? ख्रिस्ती श्रद्धेनुसार तारण ही देवाची कृपा आहे. ती कमावता येत नाही. मग वही कशासाठी? आणि वहीनेच माणूस सुधारत असेल, तर कृपेचे काम काय उरले? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. त्यावरून माणसे बहिष्कृत झाली, धर्मपरिषदा भरल्या आणि सोळाव्या शतकात पश्चिम युरोपची चर्च दुभंगली.

सवयीचा सिद्धान्त ख्रिस्ती लोकांनी शोधला नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात तो मांडून ठेवला होता. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वीणा वाजवता वाजवता वादक होतो. त्याचप्रमाणे न्याय्य कृत्ये करता करता तो न्यायी होतो. ग्रीक भाषेत ‘सवय’ आणि ‘स्वभाव’ या दोन शब्दांत केवळ एका स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, याकडेही त्याने लक्ष वेधले आहे.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषित पौल हा ग्रीक शहरांत वावरलेला माणूस. करिंथकरांना लिहिताना तो धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दृष्टान्त देतो. ‘आस्केसिस’ हा ग्रीक शब्द मुळात आखाड्यातला: कसरत, तालीम, सराव. पुढे तो संन्याशांच्या साधनेला लागला. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे ‘अभ्यास’ म्हणजे पुनःपुन्हा करणे. आपण तो शब्द परीक्षेपुरता आखडून ठेवला, एवढेच.

आता इजिप्तच्या वाळवंटात जाऊ. इ. स. २७०च्या सुमारास अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये शुभवर्तमानातील एक वचन ऐकले: परिपूर्ण व्हायचे असेल तर जे आहे ते विकून गरिबांना दे. त्याने तसे केले आणि एकान्त पत्करला. त्याच्या मृत्यूनंतर अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने त्याचे चरित्र लिहिले. त्यात अँथनी शिष्यांना एक युक्ती सांगतो: आपली कृत्ये आणि मनाच्या हालचाली लिहून काढा, जणू त्या दुसऱ्याला वाचून दाखवायच्या आहेत अशा रीतीने लिहा. दुसऱ्याच्या डोळ्यांची लाज जे काम करते, ते काम एकान्तात हे लेखन करील. म्हणजे कमरेच्या वहीचा उगम क्लायमॅकसच्या जवळजवळ तीन शतके आधी सापडतो. गंमत अशी की, याच चरित्रात अँथनीने लहानपणी अक्षरविद्या शिकण्याचे नाकारले असेही म्हटले आहे!

अँथनीच्या सूचनेतला एक तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे सर्वत्र तोच आपल्याला भेटणार आहे. ही वही स्वतःसाठी नाही. ती कोणाला तरी दाखवायची आहे. निदान तशी कल्पना करून लिहायची आहे.

वाळवंटातील या वृद्ध गुरूंना ‘अब्बा’ म्हणत. त्यांच्या वचनांचे आणि कथांचे संग्रह पुढे तयार झाले. त्यांत प्रवचने कमी आणि कृती जास्त. अब्बा अगाथोनने मौन अंगी बाणावे म्हणून तीन वर्षे तोंडात खडा धरला, अशी आठवण आहे. तीन वर्षे! बोलू नये हे कळायला एक क्षण पुरतो. जिभेला ते कळायला मात्र इतका काळ लागला. अब्बा पोईमेनने पाणी आणि दगड यांचा दाखला दिला आहे. पाणी मऊ, दगड कठीण. पण दगडावर टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब पडत राहिला तर दगड झिजतो, तसेच देवाचे वचन पुनःपुन्हा ऐकून माणसाचे हृदय उघडते. अँथनीच्या बाबतीत एक कथा अशी: साधनेचा कंटाळा येऊन तो हताश बसला असताना त्याला एक माणूस दिसला. तो माणूस बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोर वळी. तो देवदूत होता, असे कथा सांगते. देवदूताने काही उपदेश फारसा केला नाही. दिवस कसा घालवायचा ते करून दाखवले.

या संग्रहांतील माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट वाळलेल्या काठीची आहे, आणि ती दोन रूपांत मिळते.

एका रूपात बुटका जॉन म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिष्याला त्याचा गुरू जमिनीत वाळकी काठी रोवून देतो आणि ‘हिला फळ येईपर्यंत रोज पाणी घाल’ म्हणतो. पाणी इतके दूर की संध्याकाळी निघावे तर पहाटे परतावे. तीन वर्षांनी काठीला पालवी फुटते, फळ येते. गुरू ते फळ चर्चमध्ये नेऊन बंधूंना म्हणतो, घ्या, आज्ञापालनाचे फळ खा.

दुसरे रूप जॉन कॅसियनने दिले आहे. हा चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील गुरूंच्या सहवासात राहिला आणि पुढे आजच्या फ्रान्समधील मार्सेय येथे मठ स्थापून त्यांची शिकवण त्याने लॅटिन भाषेत उतरवली. त्याच्या कथेत शिष्य जॉन सबंध वर्षभर काठीला पाणी घालतो. आजारपण असो, सण असो, खंड नाही. वर्षाच्या शेवटी गुरू विचारतो, मुळे धरली का? जॉन म्हणतो, मला माहीत नाही. गुरू काठी उपटतो आणि फेकून देतो. बस्स.

फळ येणारी कथा लोकांना आवडणारी आहे. कॅसियनची कथा अधिक कठोर आणि, मला वाटते, अधिक प्रामाणिक आहे. पाणी काठीसाठी नव्हतेच. जे काही उगवायचे होते ते पाणी वाहणाऱ्यात. आणि ते उगवले की नाही हे त्याचे त्याने पाहायचे नव्हते.

कारण पाहिले की धोका सुरू होतो. कॅसियनच्या आधी इव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) या वाळवंटातील विद्वान संन्याशाने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे पश्चिमेत जी ‘सात मोठी पापे’ प्रसिद्ध झाली त्यांचे मूळ या यादीत आहे. यातल्या कीर्तीच्या हावेबद्दल लिहिताना कॅसियन कांद्याचा दृष्टान्त देतो. एक पापुद्रा सोलावा तर आत दुसरा तयार. इतर दुर्गुण पराभवाने दुबळे होतात. हा एकटा विजयावर पोसतो. उपास केला की उपासाचा अभिमान, अभिमान सोडला की सोडल्याचा अभिमान. रोज वही भरणाऱ्या माणसाला याहून मोठा शत्रू कोणता?

हाच कांदा वेगळ्या नावाने इ. स. ४०० नंतर साऱ्या लॅटिन चर्चपुढे आला. पेलेजियस मूळचा ब्रिटनचा, रोममध्ये नीतीचा आदरणीय शिक्षक. नावापुरते ख्रिस्ती झालेले रोमन लोक पाहून तो अस्वस्थ होई. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: देवाने आज्ञा दिल्या आहेत, तर त्या पाळण्याचे सामर्थ्यही माणसाच्या स्वभावात दिले आहे, पाप ही दीर्घकाळची वाईट सवय आहे आणि सवय मोडता येते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला प्राणपणाने विरोध केला. ऑगस्टीनला सवय ठाऊक होती, पण तिच्या दुसऱ्या बाजूने. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात तो तिचे वर्णन साखळी म्हणून करतो: विकृत इच्छेतून वासना, वासनेच्या सेवेतून सवय, न रोखलेल्या सवयीतून अटळ गरज. अशा साखळीतला कैदी स्वतःची बेडी कशी तोडणार?

त्याच ग्रंथात ऑगस्टीनने आपली आई मोनिका हिच्या बालपणीची एक हकिकत दिली आहे. घरातल्या पिंपातून द्राक्षारस काढून आणायचे काम तिच्याकडे होते. गंमत म्हणून ती ओठ टेकवू लागली. रोज एक थेंब, मग अधिक. होता होता जवळजवळ भरलेले पेले ती रिचवू लागली. पोईमेनचे थेंब इथे उलट दिशेने पडत होते! ही सवय सुटली कशी? बरोबर जाणारी दासी एकदा भांडणात तिला ‘दारुडी’ म्हणाली. तो शब्द झोंबला आणि मोनिकाने त्या क्षणी सवय टाकली. ऑगस्टीन यात देवाचा हात पाहतो: दासीला चिडवायचे होते, देवाला बरे करायचे होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोनिकाला आपला दोष दिसला तो दुसऱ्याच्या तोंडून.

पेलेजियसच्या मतांचा ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेत निषेध झाला. मात्र वाद मिटला नाही. मार्सेयच्या कॅसियनला दोन्ही टोके पटेनात; माणसाच्या इच्छेची लहानशी ठिणगीही देव फुंकून फुलवतो, अशी त्याची मधली वाट होती. ५२९ मध्ये ऑरेंज येथील परिषदेने निर्णय ऑगस्टीनच्या बाजूने झुकवला: चांगल्याची पहिली इच्छासुद्धा कृपेचीच.

आणि परंपरेनुसार त्याच ५२९ साली इटलीत माँते कासिनो येथे बेनेडिक्टने मठ स्थापला. त्याची ७३ प्रकरणांची नियमावली कृपेवर वाद घालत बसत नाही. ती वेळापत्रक देते. आठवड्यात १५० स्तोत्रे पूर्ण म्हणायची. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थना. मधल्या वेळात हाताचे काम आणि वाचन. सत्कृत्यांच्या प्रकरणाला तो ‘ओजारांची’ यादी म्हणतो आणि मठाचे आवार म्हणजे ती ओजारे चालवण्याचा कारखाना. कोठी सांभाळणाऱ्याने मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत. स्वयंपाकघरातली सेवा सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करावी. पाळी संपवणाऱ्याने भांडी स्वच्छ आणि साबूत परत द्यावीत, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या दोघांनी सर्वांचे पाय धुवावेत. नम्रतेवर प्रवचन देण्याऐवजी नम्रतेची पाळी लावली आहे.

नियमावलीचे सातवे प्रकरण नम्रतेच्या बारा पायऱ्यांचे. त्याचा शेवट महत्त्वाचा आहे. सुरुवातीला नरकाच्या भीतीने जे पाळले ते शेवटी बंधू अनायासे, जणू स्वभावतःच, सवयीने पाळू लागतो. आता भीतीने नव्हे, ख्रिस्ताच्या प्रेमाने, चांगल्या सवयीने आणि सद्गुणाच्या गोडीने. लगेच पुढे बेनेडिक्ट हे सारे पवित्र आत्म्याच्या कृतीकडे सोपवतो. सवय आणि कृपा एकाच वाक्यसमूहात शेजारी बसली आहेत आणि कोण मोठे याची चौकशी कोणी करत नाही. मध्ययुगीन युरोपातल्या शेकडो मठांचा दिवस या पुस्तिकेने आखला.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलची सवय आणि ऑगस्टीनची कृपा यांची तात्त्विक सांधेजोड केली: काही सद्गुण सरावाने कमावले जातात, श्रद्धा, आशा, प्रीती यांसारखे काही देव आत ओततो. विद्यापीठांत ही मांडणी शिकवली जाऊ लागली. तिच्या बारकाव्यांसाठी स्वतंत्र धागा लागेल, म्हणून इथे पुढे सरकतो.

कारण १५०८-०९ मध्ये विटेनबर्ग विद्यापीठात याच ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर व्याख्याने देणारा एक तरुण संन्यासी होता, मार्टिन ल्यूथर. मठाचे नियम तो जिवाच्या आकांताने पाळी. शिकवण्याच्या कामामुळे नेमाच्या प्रार्थना राहून गेल्या, तर त्या साठवून आठवड्याच्या शेवटी कोंडून घेऊन एकदम भरून काढी, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. हिशेब सतत तुंबलेला, मन सतत कर्जात. सप्टेंबर १५१७ मध्ये, म्हणजे पापमुक्तिपत्रांवरच्या ९५ कलमांच्या सुमारे दोन महिने आधी, त्याने विद्यापीठीय धर्मशास्त्राविरुद्ध कलमे मांडली. त्यांतला घाव थेट मुळावर होता: न्याय्य कृत्ये करून आपण न्यायी होत नाही, देवाने न्यायी ठरवल्यावर न्याय्य कृत्ये करतो. ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र जवळजवळ सगळेच्या सगळे कृपेचे वैरी आहे. गवंडी आणि वीणावादक यांचा दृष्टान्त एका फटक्यात बाद झाला.

मात्र १५२९ मध्ये घराघरांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रश्नोत्तर-पुस्तिकेत हाच ल्यूथर काय सांगतो ते पाहावे. सकाळी उठताच क्रुसाची खूण करावी, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, एक लहान प्रार्थना करावी आणि आनंदाने कामाला लागावे. रात्री पुन्हा तेच आणि मग निवांत झोपावे. मठाचा दिवस मोडणाऱ्याने कुटुंबाचा दिवस आखून दिला. मी याला विसंगती म्हणणार नाही. ल्यूथरने सवय नाकारली नव्हती; सवयीची पावती देवापुढे धरणे नाकारले होते.

याच काळात कॅथलिक बाजूला वही अभूतपूर्व काटेकोर झाली. इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदार मे १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला, अंथरुणावर संतचरित्रे वाचून पालटला आणि पुढे त्याने जेझुइट संघ स्थापला. १५४८ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत एक पद्धत आहे. एकावेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्यापासून सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके एका रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. मग दुपारशी रात्र, आजशी काल, या आठवड्याशी मागचा आठवडा ताडून पाहायचा. चूक होताच छातीवर हात ठेवायचा; ही खूण चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते, असे इग्नेशियस नमूद करतो. युद्धशास्त्र शिकलेल्या माणसाची ही शिस्त आहे.

या संघाशी आपली ओळख जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले आणि पुढे मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ (रायतूर, १६१६) रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइटच. दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण हा त्यांच्या संघाचा नेम. ओव्या रचणाऱ्या त्या हाताला हा हिशेब परका नव्हता. शिवाय प्रत्येक जेझुइटाने वरिष्ठापुढे आपल्या अंतःकरणाचा तपशील उघड करायचा असतो. ठिपके खाजगी, पण त्यांचा अर्थ दुसऱ्याच्या साक्षीने लावायचा.

आता अठराव्या शतकातले इंग्लंड. ऑक्सफर्डमधील तरुण धर्मगुरू जॉन वेस्ली (जन्म १७०३) याने १७२५ मध्ये सांकेतिक लिपीत रोजनिशी सुरू केली. १७२९ नंतर त्याच्याभोवती काही विद्यार्थी जमले. ते बुधवारी-शुक्रवारी उपास करत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत आणि सगळे कसे ठरावीक पद्धतीने करत. टवाळांनी त्यांना नाव ठेवले ‘मेथडिस्ट’. १७३४ पासून वेस्लीची रोजनिशी अधिकच बारीक झाली: प्रत्येक तासाची स्वतंत्र ओळ आणि त्या तासातल्या भक्तिभावाला १ ते ९ पैकी एक अंक. मित्रही तशाच रोजनिशा ठेवत. परंतु आपल्या हृदयाला गुण आपणच द्यायचे, परीक्षक आणि परीक्षार्थी एकच. आजच्या सवयी मोजणाऱ्या मोबाइल ॲपच्या निर्मात्यांनाही लाज वाटावी असे हे कोष्टक होते, आणि त्याने वेस्लीला शांती दिली नाही.

जानेवारी १७३६ मध्ये, जॉर्जिया वसाहतीकडे जाताना, अटलांटिकवर वादळ झाले. इंग्रज प्रवासी किंचाळत असताना मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक शांतपणे स्तोत्रे गात होते. वेस्लीने एकाला विचारले, तुम्हाला भीती वाटली नाही? तुमच्या बायका-मुलांना? उत्तर मिळाले, आमच्या बायका-मुलांना मरणाची भीती नाही. नऊपैकी कितीही गुण मिळालेल्या तासांतून वेस्लीला हे आलेले नव्हते. जॉर्जियातले काम फसले. तो परतला. २४ मे १७३८ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत कोणीतरी रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होते. प्रस्तावना ल्यूथरची. ती ऐकता ऐकता आपल्या हृदयात ऊब दाटली, केवळ ख्रिस्तावर विसंबता येते असे वाटले, अशी नोंद त्याने केली आहे. दोनशे वर्षांपूर्वी ज्याने हिशेबाची वही फेकली त्याचे शब्द, वहीत बुडालेल्या माणसाच्या कानी पडले.

मग वेस्लीने वही बंद केली काय? नाही. त्याने ती लोकांत नेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लहान मंडळांसाठी नियम तयार झाले: आठवड्यातून एकदा भेटायचे आणि गेल्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणते मोह आले, ते एकमेकांना सांगायचे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झाले. एकाने सुचवले, बारा-बारा जणांचे वर्ग करा, प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्या, आणि गरिबाचा पेनी वर्गप्रमुखाने भरावा. वर्गप्रमुख पेनी गोळा करायला दारोदार जाऊ लागले तेव्हा त्यांना घरातली भांडणे दिसली, दारू दिसली. वेस्लीच्या ध्यानात आले की, आपल्याला हवे होते ते हेच. कर्जवसुलीच्या व्यवस्थेतून मेथडिस्ट चळवळीचा कणा तयार झाला. खाणकामगार, विणकर, मोलकरणी यांना आयुष्यात प्रथमच दर आठवड्याला कोणीतरी विचारत होते की, तुझा जीव कसा आहे?

या प्रश्नाला दुसरी धारही होती. वर्गांच्या सदस्यांना तिमाही तिकिटे मिळत. वर्तन ठीक नसेल तर तिकीट नाकारले जाई. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलच्या मंडळीतून काढलेल्या ६४ जणांची कारणे वेस्लीने आपल्या दैनंदिनीत दिली आहेत. शिव्याशापासाठी २, नेहमी शब्बाथ मोडल्याबद्दल २, दारूबाजीसाठी १७, दारू विकल्याबद्दल २, भांडण-मारामारीसाठी ३, बायकोला मारल्याबद्दल १, नेहमी जाणूनबुजून खोटे बोलल्याबद्दल ३, निंदेसाठी ४, आळसासाठी १, आणि उथळपणा व बेपर्वाईसाठी २९. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. शेवटचा आकडा दरवेळी खटकतो. दारूबाजी निश्चित करता येते. उथळपणा कोणी मोजला? जवळजवळ निम्मी माणसे दुसऱ्याच्या नजरेतल्या अदमासावर बाहेर गेली. क्लायमॅकसच्या मठात वही वाचणारा गुरू होता. इथे शेजारी होता.

त्याच शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननेही एक वही आखली होती. सात दिवसांचे सात रकाने, सद्गुणांच्या ओळी, चुकीला काळा ठिपका. तो रूढ अर्थाने श्रद्धाळू ख्रिस्ती नव्हता. इग्नेशियसच्या ठिपक्यांसारखे ठिपके इथे मात्र व्यवहारी आत्मोन्नतीसाठी पडत होते. त्याची मूळ यादी बारा सद्गुणांची होती. तेरावा, नम्रता, नंतर घातला गेला. कारण एका क्वेकर मित्राने त्याला सांगितले की लोक तुला गर्विष्ठ समजतात. आणि नम्रतेबद्दल तो मिश्कीलपणे कबूल करतो की, गर्व पुरता जिंकलाच तर त्या नम्रतेचाही गर्व होईल. कॅसियनचा कांदा फिलाडेल्फियापर्यंत पोचला होता.

वेस्ली पैशांच्या जमाखर्चाचीही वही आयुष्यभर ठेवत आला होता. १६ जुलै १७९० रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, थरथरत्या हाताने त्याने त्या वहीत लिहिले की, यापुढे हिशेब ठेवणार नाही; जमेल तितके वाचवतो आणि आहे ते सारे देतो, एवढी खात्री पुरे आहे. तासांची रोजनिशी मात्र चालू राहिली. ती थांबली फेब्रुवारी १७९१च्या अखेरीस. २ मार्चला तो गेला.